वर्कशॉपमधली सुधारणा की शोध? मोबाइल अँटेनाच्या फीड बोर्डाची कागदोपत्री कहाणी

इतिहासाच्या व्याख्यानात सर्किट बोर्ड आणि पेटंट कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण इतिहास म्हणजे शेवटी कोणी काय केलं आणि त्याची नोंद कोणाच्या नावावर राहिली, याचाच हिशोब असतो. आज आपण तो हिशोब एका अगदी लहान वस्तूच्या निमित्ताने मांडणार आहोत. आणि सुरुवात मानपाड्यापासून करू.

मानपाडा म्हटलं की ठाणेकराला घोडबंदर रोड आठवतो, डोंबिवलीकराला कल्याण-शीळ रस्ता. एकाच जिल्ह्यात एकाच नावाची दोन ठिकाणं. घरात तारेचा फोन होता तेव्हा ठाण्याच्या मानपाड्याचा कोड ०२२ आणि डोंबिवलीच्या मानपाड्याचा ०२५१. पहिला एमटीएनएलचा मुलूख, दुसरा बीएसएनएलचा. मोबाइल आल्यावर मात्र गंमत झाली. सरकारने परवान्यासाठी जी क्षेत्रं आखली, त्यात मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण ही टेलिफोन क्षेत्रं मिळून एकच ‘मुंबई’ केली. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा वेगळा. म्हणजे दोन्ही मानपाडे तारेवर वेगळे होते, ते हवेतून एक झाले.

हे ‘हवेतून’ म्हणजे काय, ते गच्चीवर बघा. करड्या-पांढऱ्या रंगाच्या, पुरुषभर उंचीच्या अरुंद पेट्या उभ्या असतात. आपण सगळे त्याला ‘टॉवर’ म्हणतो, पण टॉवर म्हणजे नुसता सांगाडा. काम करतो तो त्या पेटीतला अँटेना. पेटीचं झाकण काढलं तर आत धातूचा एक लांब पत्रा असतो, त्यावर एकाखाली एक अशी प्रसारणाची छोटी अंगं बसवलेली, आणि त्या सगळ्यांना सिग्नल वाटून देणारा एक छापील बोर्ड. त्यावर तांब्याचे वळणावळणाचे पट्टे. हाच फीड बोर्ड. आजची कहाणी याची.

शेतात पाटाचं पाणी कसं वाटतात ते आठवा. मुख्य पाट फोडून दोन दांड, त्या दांडांचे पुन्हा दोन, आणि शेवटी प्रत्येक वाफ्याला त्याचा वाटा. फीड बोर्डही तेच करतो: एक सिग्नल आत घेतो आणि चार, आठ, दहा अंगांना वाटतो. फरक असा, की इथे कोणाला *किती* मिळालं एवढंच महत्त्वाचं नाही, *कधी* मिळालं तेही महत्त्वाचं आहे. लेझीमच्या रांगेत सगळ्यांनी एकदम पाऊल टाकलं तर रांग सरळ पुढे सरकते. प्रत्येकाने शेजाऱ्यापेक्षा जरासं उशिरा टाकलं तर तीच रांग तिरकी वळते. अँटेनाचा झोतही असाच वळतो. खालच्या अंगांना सिग्नल किंचित उशिरा दिला की झोत आडवा न जाता जमिनीकडे झुकतो. समोरच्या दहाव्या मजल्यावर जायचा की खालच्या रिक्षा स्टँडवर, हे त्या वेळेच्या फरकावर ठरतं.

हा उशीर कुठून आणायचा? पट्ट्याच्या लांबीतून. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची हवेतली लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, ३.५ गिगाहर्ट्झवर ती साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास येते, आणि बोर्डावर आणखी आखूड होते. म्हणजे नव्या फोनच्या काळात पट्टा एक सेंटिमीटरने चुकला तर वेळेचं सगळं गणित बिघडतं. रुंदीचंही तसंच. येणारी वाट ५० ओहमची. तिला ५० ओहमच्या दोन फांद्या जोडल्या की दोन्ही मिळून २५ होतात, मेळ बसत नाही आणि काही सिग्नल उलट फिरतो. मग मध्ये लहरीच्या चतुर्थांश लांबीचा, सुमारे ३५ ओहमचा, जरा रुंद पट्टा घालतात. मेळ जमतो. शिवाय पूर्वी जिथे केबलचे तुकडे डाग देऊन जोडायचे, तिथे छापील पट्टा आल्याने डाग कमी झाले. खराब डाग ही अँटेनाची जुनी डोकेदुखी. त्यातून नको त्या लहरी तयार होतात आणि त्या फोनच्याच सिग्नलला त्रास देतात.

आता मुख्य प्रश्न. कोणी तरी या पट्ट्यांची नवी मांडणी केली. एक वळण बदललं, एक फट ठेवली, दोन पट्टे एकमेकांवरून नेण्याऐवजी शेजारून नेले. हा शोध आहे का? की कुठल्याही चांगल्या कारागिराने केली असती अशी सुधारणा?

हा प्रश्न आपल्याकडे मोबाइलच्या फार आधीपासून विचारला जातोय. १८५६ मध्ये कंपनी सरकारने शोधांना ‘विशेष हक्क’ देणारा पहिला कायदा केला. ३ मार्च १८५६ रोजी पहिला अर्ज केला कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी, आणि तो होता पंखा ओढण्याच्या यंत्राचा! साहेबाच्या डोक्यावरचा झुलता पंखा, जो एरवी पंखेवाला दोरीने ओढायचा. गंमत बघा, तो कायदाच पुढच्या वर्षी रद्द झाला, कारण राणीची मंजुरी न घेता तो केला होता. १८५९ मध्ये नवा आला. पुढे १९११ च्या कायद्याने पेटंटचा कारभार पहिल्यांदा कंट्रोलर नावाच्या अधिकाऱ्याच्या हाती दिला.

स्वातंत्र्यानंतर दोन समित्या बसल्या. आधी न्यायमूर्ती बक्षी टेकचंद यांची, मग न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांची. अय्यंगारांचा अहवाल १९५९ चा. त्यांना दिसलं ते असं, की इथली बहुसंख्य पेटंटं परदेशी मालकांची आहेत आणि त्यातली बरीच इथे वापरातच आणली जात नाहीत. मक्तेदारी आहे, कारखाना नाही. त्या अहवालातून १९७० चा कायदा आला. तो २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला आणि अनेक दुरुस्त्यांसह आजही तोच चालू आहे.

या कायद्यातली दोन कलमं फीड बोर्डासाठी महत्त्वाची. कलम ३ मध्ये ‘शोध नव्हे’ अशा गोष्टींची यादी आहे. त्यातलं एफ उपकलम म्हणतं, की माहितीतल्या वस्तू नुसत्या मांडल्या, फेरमांडल्या किंवा त्यांची संख्या वाढवली, आणि प्रत्येक वस्तू आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत राहिली, तर तो शोध नाही. दुसरं कलम २, जे शोधाची पायरी कशाला म्हणायचं ते सांगतं: आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक पुढारलेपण हवं किंवा आर्थिक महत्त्व हवं, आणि शिवाय त्या विषयातल्या जाणकाराला ते उघड-उघड सुचण्यासारखं नसावं.

हा ‘जाणकार’ कोण, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या एका निकालात नीट उलगडलं. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. वाद होता भांड्यांचा! भांडं यंत्रावर फिरवून घासताना ते पकडून ठेवायची एक युक्ती, १९५१ मध्ये तिच्यासाठी अर्ज, मग पेटंट, मग कोर्टबाजी. न्यायालयाने पेटंट रद्द ठरवलं. भावार्थ असा, की शोध हा वर्कशॉपमधल्या नेहमीच्या सुधारणेपेक्षा काही तरी जास्त असला पाहिजे. आणि दुसरा मुद्दा त्याहून मोठा: पेटंट मिळालं म्हणजे ते टिकेलच अशी हमी सरकार देत नाही. परीक्षण ही पहिली चाळणी आहे, शेवटची नाही.

आता परीक्षकाच्या टेबलाशी येऊ. मुंबईचं पेटंट कार्यालय अँटॉप हिलला, बौद्धिक संपदा भवनात. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवा यांचे अर्ज या शाखेच्या हद्दीत येतात. डोंबिवलीहून गाडी पकडून कुर्ला, तिथून हार्बरने गुरू तेग बहादूर नगर. अर्थात आता अर्ज ऑनलाइन होतो आणि तपासणी कुठल्याही शाखेतल्या परीक्षकाकडे जाऊ शकते.

आधी एक गैरसमज दूर करू. आपण ‘बोर्डाचं डिझाइन’ म्हणतो म्हणून काहींना वाटतं, डिझाइन कायद्याखाली नोंदवलं की झालं. तसं नाही. २००० चा डिझाइन कायदा फक्त डोळ्यांना दिसणारं रूप जपतो, काम नाही. त्याच वर्षी चिपच्या आतल्या मांडणीसाठी वेगळा कायदा झाला, पण तो सेमीकंडक्टर चिपसाठी आहे, छापील बोर्डासाठी नाही. पट्टे *काय करतात* त्यावर हक्क हवा असेल तर पेटंटच.

समजा, असा एक अर्ज आला. पहिला दावा: एक प्रवेश, दोन निकास, मध्ये चतुर्थांश लहरीचा पट्टा असलेला फीड बोर्ड. परीक्षक आधी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला कप्पा बघतो. अँटेनासाठी एच ०१ क्यू, लहरी वाहून नेणाऱ्या वाटांसाठी एच ०१ पी. मग मागे मागे शोधत जातो. आणि या विषयाचं मागचं दप्तर चांगलंच जाड आहे. सपाट पट्ट्यांनी लहरी नेण्याची कल्पना अमेरिकेत रॉबर्ट बॅरेट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. मायक्रोस्ट्रिप, म्हणजे खाली धातूचा थर आणि वर उघडा पट्टा, हे ग्रिग आणि एंगेलमन यांनी १९५२ मध्ये छापलं. अर्नेस्ट विल्किन्सन यांचा सिग्नल-वाटप्या १९६० चा. जेसी बटलर यांची झोत पाडणारी जाळी १९६१ ची. तेव्हा पहिला दावा गेला. नावीन्यच नाही.

दुसरा दावा: दोन दिशांच्या लहरींचे, अधिक ४५ आणि उणे ४५ अंशांचे, पट्टे एकाच बोर्डावर, मध्ये विशिष्ट आकाराची फट, त्यामुळे एकाचा सिग्नल दुसऱ्यात कमी मिसळतो, सोबत मोजमापाचे आलेख. इथे परीक्षक थांबतो. बोर्ड माहीत, फट माहीत. पण फट *इथे* ठेवली की *हा* परिणाम येतो, हे कुठे लिहिलंय का? पट्टे आणि फट मिळून काही नवं काम करतात, की जो तो आपलंच काम करतोय? दोन जुने कागद शेजारी ठेवून जाणकाराला हे सुचलं असतं का? कोडं सुटल्यावर उत्तर सोपंच वाटतं, हा परीक्षकासमोरचा खरा सापळा. आणि उलटा सापळाही आहे: आज संगणक एका रात्रीत हजारो आकार तपासून बघतो. मेहनत किती झाली यावर पेटंट मिळत नाही. फरक काय पडला आणि तो अपेक्षित होता का, यावर मिळतं.

परीक्षकाचा आक्षेपांचा अहवाल आला की अर्जदाराला उत्तरासाठी सहा महिने मिळतात. उत्तर, सुनावणी, दावे अरुंद करणं हे सगळं चालतं. निर्णय परीक्षक घेत नाही, कंट्रोलर घेतो. आणि मिळालंच, तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं.

यात पैसा किती गुंतलेला असतो? एक खरं उदाहरण. भारतीय पेटंट क्रमांक २४०८९३, मोबाइल अँटेनाच्या असमान आकाराच्या झोतांविषयीचं. गच्चीवर साधारण तीन दिशांना तीन अँटेने असतात. त्यातल्या एकाच्या जागी असा अँटेना लावायचा, की तेवढंच क्षेत्र दोन किंवा जास्त तुकड्यांत विभागलं जाईल आणि शेजारच्या झोतांशी नको तेवढी सरमिसळ होणार नाही. नवा टॉवर न उभारता तेवढ्याच स्पेक्ट्रमवर जास्त ग्राहक! पेटंट कॅनडाच्या टेनएक्ससी वायरलेस कंपनीचं, पुढे कम्युनिकेशन कंपोनंट्स अँटेना या कंपनीकडे गेलेलं. २०११ मध्ये एका चिनी कंपनीविरुद्धच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई दिली नाही. २०१९ च्या जुलैत त्याच न्यायालयाने, दक्षिण कोरियाच्या एस टेक्नॉलॉजीजविरुद्धच्या दाव्यात, दाव्याचा निकाल लागण्याआधीच ५४ कोटी रुपयांची तजवीज करायला सांगितलं. पेटंट तेच, न्यायालय तेच. तिथे भांडण झोताच्या आकाराचं होतं. पण झोताला आकार येतो कशाने? कोणत्या अंगाला किती आणि कधी, यानेच. म्हणजे पुन्हा आपला फीड.

या वादातले दोन्ही पक्ष बाहेरचे, आणि अँटेने मात्र आपल्या गच्च्यांवरचे. अय्यंगारांनी १९५९ मध्ये जे पाहिलं होतं त्याची इथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही. मग आपल्याकडे हे ज्ञान नव्हतं का? होतं, आणि फार जुनं होतं. जगदीशचंद्र बोस १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात मिलिमीटर लहरींवर प्रयोग करत होते. पेटंटची त्यांना आवड नव्हती. मित्रमंडळींच्या, विशेषतः सारा बुल यांच्या आग्रहाने त्यांच्या लहरी टिपणाऱ्या उपकरणाला १९०४ मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं. आपले मुंबईचे शंकर आबाजी भिसे, जन्म १८६७ चा, हे दुसऱ्या टोकाचे. छपाईचे खिळे ओतणाऱ्या यंत्रांपासून कित्येक शोधांची पेटंटं त्यांनी घेतली, पण त्यासाठी त्यांना आधी इंग्लंड आणि मग अमेरिका गाठावी लागली. १९३५ मध्ये ते न्यूयॉर्कमध्येच वारले.

आणि मानपाड्याच्या जवळचं उदाहरण हवं असेल तर पवई. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७७ मध्ये मायक्रोवेव्ह उपकरणांसाठी एक खास विभाग सुरू झाला, त्यातून १९८४ मध्ये ‘समीर’ ही स्वायत्त संस्था निघाली. तिचं मुंबईतलं ठाणं आयआयटीच्या आवारात. त्याच आयआयटीचे गिरीश कुमार आणि ‘समीर’चे के. पी. राय यांनी २००३ मध्ये मायक्रोस्ट्रिप अँटेनांवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. आता लक्षात घ्या, असा ग्रंथ म्हणजे परीक्षकाच्या हातातला पुरावा. त्यात जे छापलंय त्यावर नंतर जगातल्या कुठल्याही कंपनीला नव्याने हक्क सांगता येत नाही. छापलेलं पान हे पेटंट नव्हे, पण ते दुसऱ्याच्या मक्तेदारीला घातलेलं कुंपण आहे.

आमचं म्हणणं इथेच येतं. परीक्षक कागद वाचतो, कारखाना वाचत नाही. वागळे इस्टेटच्या किंवा डोंबिवली एमआयडीसीच्या एखाद्या गाळ्यात दुरुस्तीला आलेल्या बोर्डाचा पट्टा कोणी अर्धा सेंटिमीटर खरवडला आणि त्याचं काम सुधारलं, तर ते ज्ञान त्या माणसाच्या बोटांत राहतं. तो निवृत्त झाला की जातं. पाच वर्षांनी तीच युक्ती दुसऱ्या देशातून दाव्याच्या रूपात येते, परीक्षक प्रामाणिकपणे सगळे कप्पे शोधतो, त्याला काही सापडत नाही आणि तो ‘नवीन’ असा शेरा मारतो. त्यात त्याची काय चूक? नोंदवहीत पान कोरं होतं.

कायद्याने यावर दार ठेवलेलं आहे. ‘हे भारतात आधीपासून उघड वापरात आहे’ हासुद्धा पेटंटला विरोध करण्याचा आधार आहे. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि पेटंट मंजूर होईपर्यंत *कोणीही* विरोध नोंदवू शकतं. कंपनीच हवी असं नाही. पण वापर सिद्ध करायला तारीख लागते: बिल, आराखडा, मोजमापाची वही. नुसतं ‘आम्ही हे कधीपासून करतोय’ म्हणून भागत नाही.

आणि स्वतःचा अर्ज करायचा तर तोही आवाक्याबाहेर नाही. एकट्या माणसाला, छोट्या उद्योगाला, स्टार्टअपला किंवा शिक्षणसंस्थेला ऑनलाइन अर्जाची मूळ सरकारी फी १६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीची ४०००. वकिलाचा खर्च वेगळा, तो जास्त असतो हे खरं. काम अर्धं झालेलं असताना तात्पुरता अर्ज करून तारीख मिळवता येते, पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यायचा. फक्त एक पथ्य: अर्जाच्या आधी ग्राहकाला, प्रदर्शनात किंवा व्हिडिओत सगळं दाखवून बसायचं नाही. थोडे अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. आपणच उघड केलेलं आपल्याच विरोधात वापरलं जातं.

म्हणजे वाटा दोन. एक तर हक्क मागा, नाही तर छापून सगळ्यांना मोकळं करा. बोसांना दुसरी वाट जवळची वाटली, भिशांना पहिली, आणि दोन्ही मानाच्या आहेत. तिसरी वाट, काहीच न लिहिण्याची, ती मात्र आपल्याला परवडणारी नाही. डीपेनिंगच्या अर्जामुळे पंखा ओढण्याच्या यंत्राची तारीख, वार आणि मालकाचं नाव आजही सांगता येतं. दोरी ओढणाऱ्या पंखेवाल्याचं नाव कोणत्याच कागदावर नाही, आणि ती दोरी कशी ओढली की वारा जास्त लागतो हे सगळ्यात चांगलं त्यालाच माहीत असणार.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि तुमच्यापैकी कोणी बोर्डावर हात काळे करणारे असाल, तर आजच्या कामाची तारीख घालून नोंद ठेवायला आजपासूनच सुरुवात करा.